खिशातले दोन लाल चेंडू

चिनी नायिका आणि गोरा नायक ही जोडी परदेशस्थ चिनी लेखिकांच्या कादंबऱ्यांत आता सरावाची झाली आहे. अमेरिकेत सुरुवात मात्र उलट्या जोडीने, चिनी नायक आणि गोरी नायिका अशी झाली होती.

त्यामागे कायदा होता. १८७५ च्या पेज कायद्याने बंदी घातली ती वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या स्त्रियांवर, पण प्रत्यक्षात उतरणाऱ्या जवळपास प्रत्येक चिनी बाईवर तोच संशय घेतला गेला. चायनाटाउन म्हणजे एकट्या पुरुषांची वस्ती झाली. त्यांनी गोऱ्या बाईशी लग्न करावं, तर १८८० पासून कॅलिफोर्नियात तसा परवानाच मिळेना. ही मनाई कोर्टाने मोडीत काढली ती थेट १९४८ मध्ये.

या काळात एडिथ ईटन लिहीत होती. बाप इंग्रज, आई चिनी. गोरी म्हणून सहज खपली असती, पण तिने सुई सिन फार हे चिनी नाव घेतलं. (बहीण विनिफ्रेड जास्त व्यवहारी निघाली. जपानी टोपणनाव घेऊन तिने जपानी प्रेमकथा खपवल्या.) एडिथच्या १९१२ च्या संग्रहात नवऱ्यापासून वेगळी झालेली एक गोरी बाई जीव द्यायला निघते. लिऊ कांगही नावाचा चिनी माणूस तिला वाचवतो, पुढे दोघं लग्न करतात. शेवटी त्याचं प्रेत घरी येतं, डोक्यात गोळी, आणि खिशात मुलांसाठी घेतलेले दोन लाल चेंडू. रडारड नाही, भाषण नाही. मला आजही या परंपरेतला हाच प्रसंग सर्वांत वरचा वाटतो.

१९५२ मध्ये लेखिका हान सुयिनने हाँगकाँगमधलं स्वतःचंच प्रेम कादंबरीत आणलं. तिचा ऑस्ट्रेलियन वार्ताहर प्रियकर कोरियन युद्धात मारला गेला होता. पुढे तिने एका भारतीय लष्करी अभियंत्याशी संसार केला, आणि १९५८ च्या नेपाळमधल्या कादंबरीत नायकही भारतीय इंजिनिअरच आला. आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही.

चिनी-अमेरिकन लेखिका एमी टॅनच्या ‘द जॉय लक क्लब’ या कादंबरीपर्यंत (१९८९) कायदा गेलेला, जेवणाचं टेबल उरलेलं. आई म्हणते, आज भाजीत मीठ कमीच पडलंय. म्हणजे वाढून घ्या आणि वाखाणा! होणारा गोरा जावई वर सोया सॉस ओततो.

ग्वो श्याओलूच्या २००७ च्या लंडनमधल्या कादंबरीत तर प्रेम जमतंच भाषेच्या चुकीतून. चिनी नायिका गोऱ्या नायकाला म्हणते, तू राहतोस ती जागा बघायचीय. तो म्हणतो, ‘बी माय गेस्ट’. त्याच्या लेखी, ये की, बघ. ती बॅग भरून राहायलाच येते.