ब्राउझरमधल्या व्हीआरला पाय कसे फुटले

ब्राउझरमधले सुरुवातीचे व्हीआर (आभासी वास्तव) व्ह्यूअर मान वळवून बघण्यापुरतेच होते. २०१४ साली मोझिलात व्लादिमिर वुकिचेविच यांनी वेबव्हीआरचं, म्हणजे वेबपानाला व्हीआर हेडसेटशी जोडणाऱ्या एपीआयचं, काम सुरू केलं, आणि त्याच वर्षी गूगलचं कार्डबोर्ड आलं. पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या फोनला डोकं कुठे वळलंय एवढं कळायचं; माणूस पाऊलभर पुढे सरकला तरी पत्ता नसायचा. ३६० अंशांच्या फोटोंना तेवढं पुरत होतं. फोटोत चालणार तरी कुठे?

२०१६ मध्ये हातात कंट्रोलर आले. व्हाइव्ह या हेडसेटसोबत एप्रिलमध्येच दोन मिळाले. रिफ्ट हा दुसरा हेडसेट मात्र मार्चमध्ये एक्सबॉक्सचा साधा गेमपॅड घेऊन आला आणि त्याचे टच कंट्रोलर डिसेंबरपर्यंत लांबले. वेबकडे तेव्हा गेमपॅड एपीआय होतं, म्हणजे बटणांची आणि अक्षांची नुसती यादी. तिलाच हाताची जागा आणि दिशा जोडून वेळ भागवली गेली. कुठल्या यंत्रावर कितवं बटण कशाचं, याचे तक्ते ज्याने त्याने सांभाळायचे. डिसेंबर २०१९ मध्ये क्रोम ७९ सोबत वेबव्हीआरच्या जागी वेबएक्सआर हे नवं मानक आलं आणि क्रम एकदाचा ठरला: ० म्हणजे ट्रिगर, १ म्हणजे पकड, थंबस्टिकचे (अंगठ्याने ढकलायच्या काडीचे) अक्ष २ आणि ३.

पण ‘चालणं’ त्यातही नाही. मिळतो तो उणे एक ते एकमधला आकडा, आणि पुढे ढकललेली काडी उणे आकडा देते. तो थेट कॅमेऱ्याला लावून काही होत नाही, कारण हेडसेट प्रत्येक फ्रेमला कॅमेऱ्याची जागा नव्याने लिहितं. म्हणून थ्री.जेएस या त्रिमितीय चित्रणाच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत कॅमेरा एका ग्रुपमध्ये ठेवून ग्रुपच सरकवायची पद्धत रुळली. कंट्रोलर त्या ग्रुपबाहेर राहिले तर माणूस पुढे जातो आणि हात मागेच राहतात! थेट वेबएक्सआरमध्ये लिहिणारे संदर्भ-अवकाशालाच, म्हणजे ज्याच्या आधाराने सगळ्या जागा मोजल्या जातात त्या चौकटीलाच, विस्थापन देतात.

चालण्याची एकच रीत मानकाने लादली नाही, हे माझ्या मते बरंच झालं. डोळ्यांना गती दिसते, आतल्या कानाला जाणवत नाही, आणि मळमळ सुरू होते. म्हणूनच टेलिपोर्ट (दाखवलेल्या जागी एकदम जाऊन पोचणं) आणि ठराविक अंशांनी झटक्यात वळणं लोकप्रिय झालं. कोलंबिया विद्यापीठाच्या अजॉय फर्नांडिस आणि स्टीव्हन फायनर यांनी २०१६ मध्ये, हालचाल चालू असताना दृष्टिक्षेत्र हळूच आकसवून त्रास कमी होतो का, हे तपासलं. कडा काळवंडण्याची आजची सोय त्याच विचाराची. सलग सरकणं मी तरी आपणहून चालू ठेवणार नाही; हवं त्याने सेटिंगमध्ये जाऊन निवडावं.

२०२४ मध्ये ॲपलचा व्हिजन प्रो हेडसेट कंट्रोलरविनाच आला. तिथल्या सफारीत चिमटीचा इशारा क्षणभराचा इनपुट म्हणून पोचतो, थंबस्टिकचा अक्षच नसतो. फक्त थंबस्टिकवर बेतलेल्या व्ह्यूअरमध्ये असा माणूस जागचा हलत नाही. त्याच्यासाठी चिमटीने टेलिपोर्ट करण्याची सोय वेगळी लिहावी लागते.