ऑइलझॅपर

ऑइलझॅपर म्हणजे सांडलेलं तेल आणि रिफायनरीतला तेलकट गाळ खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण. दिल्लीच्या टेरी या ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्थेने केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ते तयार केलं. लॅबमधली गोष्ट प्रत्यक्ष वापरात आली याचं आपल्याकडचं हे चांगलं उदाहरण, कारण बऱ्याच गोष्टी संशोधनाचा पेपर छापून आला की तिथेच थांबतात.

तेल खाणारे जिवाणू ही कल्पना जुनीच. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना अनेक जातींचे तेल पचवायचे गुण एकाच जिवाणूत आणले, त्याच्या पेटंटचा वाद तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते जिंकलेही, पण तो जिवाणू खऱ्या गळतीवर कधी सोडलाच नाही, कारण जनुकं बदललेला जीव उघड्यावर सोडायचा म्हणजे परवानगी आणि लोकांची भीती, दोन्ही आडवं येतं. ऑइलझॅपरची ती अडचण नव्हती. त्यात निसर्गातलेच पाच प्रकारचे जिवाणू एकत्र केलेत. तेलात साधी साखळीवाली हायड्रोकार्बन (कार्बन-हायड्रोजनची संयुगं) असतात तशी वलयवाली अ‍ॅरोमॅटिक आणि डांबरासारखी चिवटही असतात, आणि एकटा जिवाणू हे सगळं काही पचवत नाही.

खरी डोकेदुखी वेगळीच होती. फ्लास्कमध्ये वाढवलेलं जिवाणूंचं पाणीदार कल्चर ट्रकमधून शेकडो किलोमीटर न्यायचं कसं? मग दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भुगा करून जिवाणू त्यात बसवले आणि निर्जंतुक प्लास्टिक पिशव्यांत भरले. साध्या तापमानाला माल सुमारे तीन महिने टिकतो, फ्रीज लागत नाही. मला विचाराल तर निम्मं श्रेय या भुग्याचं.

साइटवरचं काम शेतीसारखंच. खड्ड्याला जाड प्लास्टिकचं अस्तर घालून त्यात तेलकट माती पसरायची, वर ही पावडर आणि नत्र-स्फुरदवालं खाद्य टाकायचं, मग पाणी मारायचं आणि अधूनमधून नांगरायचं, म्हणजे आत हवा खेळते. ते नाही केलं तर जिवाणू उपाशी नाही, गुदमरून मरतात. यात काही महिने जातात, आणि रिझल्ट उद्याच हवा असलेल्या साहेबाला हे पटवणं हेही कामच.

गिऱ्हाईक घरचंच मिळालं. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीकडे असा गाळ ढिगाने असतो, तेव्हा २००७ मध्ये त्यांनी टेरीबरोबर जॉइंट कंपनीच काढली, ओएनजीसी टेरी बायोटेक. बहुतेक टेक्नॉलॉजींचं घोडं इथेच अडतं, वस्तू तयार असते पण पहिली ऑर्डर द्यायला कोणी पुढे येत नाही.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं धडकली, शेकडो टन तेल समुद्रात गेलं, तेव्हा किनाऱ्याच्या सफाईत ऑइलझॅपर वापरलं गेलं. उघड्या समुद्रात मात्र पावडर लाटांबरोबर वाहून जाते, आणि खारफुटीच्या चिखलात मुळांना तेल चिकटलं की तिथे नांगर घालायला जागाच नसते.