दिवा-भिंगवाला सीम रिपर : कसा वापरायचा, कुठे जपायचे

ग्राहकहो,

काळ्या कापडावरची काळी टीप रात्री ट्यूबलाइटखाली उसवून पाहिली असेल, तर ही वस्तू कशासाठी आहे ते वेगळे सांगायला नको. सीम रिपर म्हणजे टाके कापून शिवण उसवायचे छोटे हत्यार. हा रिपरही नेहमीचाच आहे. फक्त मुठीत बटन-सेलवर चालणारा छोटा एलईडी दिवा आणि पात्याच्या वर एक भिंग, एवढी भर. आमच्याकडून तो मुख्यतः दोन प्रकारचे लोक नेतात : चाळीशी लागलेले, आणि अल्टरची कामे संध्याकाळनंतर घेऊन बसणारे. तुमची नजर धड असेल आणि काम दिवसाउजेडी खिडकीशी होत असेल, तर हा घेऊ नका. मशीनच्या डब्यात येतो तो साधा रिपर पुरतो. काउंटरवरही आम्ही हेच सांगतो.

आणखी एक आधीच सांगून ठेवतो. भिंगामुळे उसवण्याचा वेग वाढत नाही. भिंग आहे ते पहिला टाका शोधायला, आणि पात्यात आलाय तो शिवणीचा दोराच आहे, कापडाचा धागा नाही, एवढी खात्री करून घ्यायला. टीप एकदा सापडली की पुढे हाताला अंदाज येतो. अख्खी शिवण भिंगातून बघत उसवायला गेलात, तर डोळे दुखतील आणि मान आखडेल.

सुरू करताना

नव्या रिपरच्या सेलपाशी प्लॅस्टिकची पातळ पट्टी असते, ती ओढून काढा. दिवा लागत नाही म्हणून परत आलेल्या बऱ्याच रिपरांत ही पट्टी तशीच असते! पट्टी काढूनही लागला नाही, तर सेलची अधिक-उणे बाजू तपासा. सेल बदलताना सगळे एकदम बदला. जुन्यात नवा मिसळू नका.

पात्याला दोन टोके आहेत. लांब टोक अणकुचीदार, आखूड टोकावर लाल गोळी. धार मात्र त्या दोन टोकांच्या मधल्या खोबणीत असते. टोकाने दोरा उचलायचा आणि खोबणीत सरकवायचा, की तो तुटतो. टोकाने खेचून दोरा तोडायचा नाही. कापडाला भोके पडतात ती तिथेच.

चष्मा असेल तर तो घालूनच भिंगातून बघा. चित्र धूसर दिसले तर रिपर वर-खाली न करता डोके थोडे मागे-पुढे करा. चेहरा भिंगाच्या सरळ वर हवा. तिरके पाहिले की टोक आहे त्यापेक्षा जरा बाजूला दिसते आणि नेम चुकतो.

दिव्याबद्दल एक युक्ती. प्रकाश वरून सरळ पडला की एका रंगातले टाके कापडात मिसळून जातात. तोच प्रकाश बाजूने, कापडाला जवळजवळ घासून जाईल असा टाकला, की प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते आणि टीप उठून दिसते. तरीही दिसेना, तर टीपेवरून पांढरा खडू हलकेच फिरवा. सॅटिन आणि जरीवर उलट होते. दिवा इतका चकाकतो की काहीच दिसत नाही. तिथे दिवा बंद करा, भिंग तेवढे वापरा. आमचे मत विचाराल तर या वस्तूत भिंगापेक्षा दिवा जास्त कामाचा आहे.

ब्लाऊज सैल करताना

सर्वांत जास्त उसवण इथेच होते, म्हणून हे सविस्तर.

ब्लाऊज आतून उलटा केला की बाजूच्या शिवणीत बहुधा दोन-तीन समांतर टिपा दिसतात. पुढे अंग भरले तर ब्लाऊज सैल करता यावा म्हणून शिंपी त्या आधीच घालून ठेवतो. उसवायची ती अंगाच्या सर्वांत जवळची टीप, कडेची नव्हे. हिशेब सोपा आहे : दोन टिपांत पाव इंच अंतर असेल, तर एक टीप उसवल्यावर पुढच्या आणि पाठीच्या भागाला पाव-पाव इंच सुटतो, म्हणजे एका बाजूला अर्धा इंच. दोन्ही बाजू मिळून घेर एक इंचाने वाढतो.

उसवायच्या टीपेमागची, म्हणजे कडेच्या बाजूची टीप खरोखर शाबूत आहे का, ते आधी भिंगातून पाहून घ्या. काखेपाशी ती घामाने विरलेली असू शकते. ती नसेलच, तर नव्या मापावर आधी टीप मारा आणि मगच जुनी उसवा. आधी उसवले की अस्तर आणि कापड एकमेकांवरून सरकतात, मग ते जुळवत बसावे लागते.

टीपेच्या दोन्ही टोकांना ती पक्की करण्यासाठी मशीन पुढे-मागे चालवलेली असते. तिथे दोरा एकावर एक बसलेला असतो, आणि भिंगाचा खरा उपयोग तिथेच होतो. हे टाके एकेक करून कापा. घाई केलीत तर अस्तर फाटेल.

पुढची सरळ टीप एकेक टाका कापत उसवायची गरज नाही. घरच्या मशीनच्या टीपेत दोन दोरे असतात, एक सुईचा आणि एक बॉबीनचा. ते कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकलेले असतात. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापत जा, मग कापड उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा. तो लांबच्या लांब निघून येतो. ओढताना अडला तर जोर लावू नका, त्या ठिकाणचा आणखी एक टाका कापा. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर असेल तर इंचाला सुमारे 10 टाके पडतात. म्हणजे इंचामागे तीन काप पुरे. पहिल्या बाजूला उरलेले दोऱ्याचे तुकडे चिकटपट्टीने उचला.

ती लाल गोळी कशाला, असे पुष्कळजण विचारतात. दोन थर जरा ताणून धरायचे, गोळी खालच्या कापडाला टेकवायची, अणकुचीदार टोक वर ठेवायचे आणि टिपेच्या रेषेत रिपर पुढे सरकवायचा. खोबणीत येणारे टाके आपोआप कापले जातात आणि गोळीमुळे खालचे कापड वाचते. परकर, पडदे, उशीचे अभ्रे यांना ही पद्धत झकास आहे. रेशीम आणि होजिअरीवर मात्र नको. रिपर नेहमी अंगापासून आणि दुसऱ्या हाताच्या बोटांपासून लांब जाईल असाच चालवा.

इतर शिवणी

ओव्हरलॉकच्या, म्हणजे कापडाची कड सुटू नये म्हणून घातलेल्या शिवणीच्या, तीन दोऱ्यांत गुंतागुंत दिसते तेवढी नसते. सरळ रेषेत जाणारा सुईचा दोरा भिंगातून ओळखा, थोड्या-थोड्या अंतराने कापून तो ओढून काढा. कडेची वेटोळी मग आपणच सुटतात. साखळी टाका कापायचाच नाही. तांदळाच्या पोत्याची शिवण बरोबर टोक धरले की सरसर सुटते, तसाच तो सुटतो. टोक चुकले तर दुसऱ्या बाजूने ओढून बघा.

काज चिरताना दोन्ही टोकांना आडवी टाचणी लावा आणि कडेकडून मध्याकडे कापा. रिपर निसटला तरी टाचणीपाशी थांबतो. साडीचा फॉल बहुधा हाताच्या टाक्याने लावलेला असतो, त्याला छोटी कात्रीच बरी. पिकोच्या दाट झिगझॅगला मात्र भिंग लागते, कारण टाक्याखाली साडीची कड असते.

जिथे फार जपायचे

बनारसी ब्रोकेड किंवा तशाच विणीच्या कापडाच्या मागे बुट्ट्यांचे सुटे धागे लोंबत असतात. भिंगातून ते हुबेहूब टाक्यांसारखे दिसतात. ते कापले तर उजव्या, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या बाजूची नक्षी विस्कटते आणि पुन्हा नीट करता येत नाही. ओळखायचे असे : शिवणीचा टाका एका रेषेत, सारख्या अंतराने, कापडात शिरून पलीकडे निघतो. बुट्टीचा धागा कापडावरून नुसता तरंगत जातो. शंका असेल तर उजवी बाजू पाहा. तिथे टाका दिसत नसेल तर हात लावू नका. पैठणीच्या काठाचा ब्लाऊज असेल तर काठावरचे टाके एकेक कापा, दोरा ओढू नका. ओढला की जरीचा धागाही त्यात अडकून येऊ शकतो.

मखमल नेहमी उलट बाजूने उसवा. उजव्या बाजूला लव टाके झाकून टाकते.

सुईची भोके राहतील का, हा प्रश्न ठरलेला. सुती कापडावर पाण्याचा हात फिरवा, नखाने उभे-आडवे घासा आणि इस्त्री करा, बहुतेक बुजतात. रेशमावर पाणी लावू नका, डाग पडतो. लांबून वाफ देऊन बघा. रेक्झिन आणि चामड्यावरची भोके कायमची, तिथे मापे आधीच नीट घ्या.

निगा

पावसाळ्यात पात्याला गंज धरतो. वापरून झाले की कोरड्या फडक्याने पुसा आणि टोपण लावा. भिंग प्लॅस्टिकचे आहे, पदराने पुसले की चरे पडतात. चष्म्याचे मऊ फडके वापरा. रिपर उन्हात खिडकीत ठेवू नका, भिंगातून ऊन एका जागी गोळा होऊन खालचे कापड करपू शकते. महिनोन्महिने वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते आत पाझरतात. संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता घातक घरगुती कचऱ्यात वेगळे द्या.

घरात लहान मूल असेल तर हे नीट वाचा. सेलचे झाकण स्क्रूने घट्ट बंद हवे आणि सुटे सेल मुलांच्या हाती लागता कामा नयेत. मुलाने बटन-सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट पाहू नका, उलटी करायला लावू नका, थेट रुग्णालयात न्या. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांतही आतून गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो.

दोरा कापला न जाता पिंजायला लागला किंवा जोर लावावा लागला, की पाते बोथट झाले असे समजा. बोथट रिपरच निसटून बोटात घुसतो. याला धार लावता येत नाही, नवाच घ्यावा लागतो. नुसते पाते आमच्याकडे मिळत नाही. दिव्यात दोष निघाला तर बिल घेऊन 8 दिवसांच्या आत या, बदलून देऊ. सेल आणि भिंगावरचे चरे यात धरलेले नाहीत. येताना टोपण लावून आणा.