पपायरस : देवळातील खांब, थडग्यातील गुंडाळी आणि सदतीस तुकडे

इजिप्तमध्ये कार्नाक येथील अमुन देवाच्या देवळातील सभामंडपात १३४ दगडी खांब आहेत. मधल्या वाटेवरील १२ खांब सुमारे २१ मीटर उंच असून त्यांच्या माथ्यावर पपायरस या पाणवनस्पतीचा पूर्ण उमललेला झुबका कोरलेला आहे. दोन्ही अंगांचे १२२ खांब बुटके आहेत आणि त्यांचे माथे मिटलेल्या कळीसारखे आहेत. मधले छत उंच असल्याने दगडी जाळ्यांच्या खिडक्यांतून ऊन तेवढ्याच भागात उतरते आणि बाजूंना काळोख राहतो. ज्या खांबांना ऊन मिळते ते उमललेले, असा अर्थ अभ्यासक सहसा लावतात. तो पटण्याजोगा आहे, कारण देवळाची सारी रचनाच दलदलीची आठवण करून देते. भिंतींच्या पायथ्याशी पाणवनस्पतींची रांग, छतावर तारे आणि गाभाऱ्याकडे जाताना हळूहळू चढत जाणारी जमीन. सृष्टीच्या आरंभी अथांग पाण्यातून एक उंचवटा वर आला आणि त्याच्याभोवती झाडोरा माजला, या समजुतीचे ते दगडातील रूप होय.

पपायरस ही लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पती. तीन धारांचा गुळगुळीत दांडा, शेंड्यावर बारीक काड्यांचा झुबका आणि चार-पाच मीटरपर्यंत उंची. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात ती उदंड होती, म्हणून ती उत्तर इजिप्तची खूण ठरली. खाफ्रा राजाच्या कैरोतील प्रसिद्ध पुतळ्यात सिंहासनाच्या बाजूंवर दक्षिणेची आणि उत्तरेची वनस्पती एकमेकींत गुंफलेली दिसते. दोन्ही प्रदेश एका राजाखाली आल्याची ती मोहोर होती. आयसिस देवीने आपल्या तान्ह्या मुलाला, होरसला, शत्रूपासून लपवले ते याच रानात. पश्चिमेच्या डोंगरातून, पपायरसच्या दाटीतून डोके बाहेर काढणारी गाय म्हणजे हाथोर, आणि तिच्यासाठी पपायरसचे दांडे उपटून खुळखुळवण्याचा विधी जुन्या राज्यकाळातील, म्हणजे पिरॅमिडांच्या काळातील, थडग्यांत कोरलेला आहे. देवींच्या हातातील राजदंड पपायरसच्या दांड्याचा असे. मृताच्या गळ्याशी फेल्डस्पार या हिरव्या दगडाचा छोटा पपायरस-खांब बांधण्याची प्रथा होती आणि त्यासाठी स्वतंत्र मंत्र होते. हिरवेपणा, टवटवी आणि पुन्हा उगवून येण्याची शक्ती या साऱ्यांसाठी चित्रलिपीत पपायरसचे चिन्ह वापरत.

लेखनपत्र म्हणून पपायरसचा इतिहास याहून वेगळ्या वाटेने गेलेला आहे, आणि लोकप्रिय लेखनात या दोन वाटांची नेहमी सरमिसळ होते. वनस्पती पवित्र होती म्हणून तिच्यापासून बनवलेल्या पत्रावर धर्मग्रंथ लिहिले गेले, असे विधान सहज केले जाते. उपलब्ध पुरावा त्याला फारसा दुजोरा देत नाही. सर्वांत जुनी ज्ञात गुंडाळी सक्कारा येथे पहिल्या राजवंशातील एका अधिकाऱ्याच्या थडग्यात सापडली आणि ती कोरी होती. लिहिलेली सर्वांत जुनी पत्रे २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे मिळाली. ती खुफू राजाच्या कारकिर्दीतील आहेत आणि त्यांत एका मुकादमाने तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड होडीने गिझाला कसे नेले, याची रोजची नोंद आहे. त्यानंतरचा मोठा साठा अबुसीरचा. तो देवस्थानाचा असला तरी त्यात आहेत पुजाऱ्यांच्या पाळ्या, भांड्यांच्या याद्या आणि आलेल्या धान्याचा हिशोब. मंत्र त्या काळात दगडात कोरले जात. राजा उनासच्या पिरॅमिडच्या भिंतींवर ते इ.स.पू. २३५० च्या सुमारास प्रथम दिसतात. पुढे ते लाकडी शवपेट्यांवर उतरले. मृताबरोबर मंत्रांची पपायरस-गुंडाळी पुरण्याची चाल खऱ्या अर्थाने रुळली ती इ.स.पू. १५५० नंतरच्या नव्या राज्यकाळात. म्हणजे पपायरसने सुमारे हजार वर्षे कारकुनी केली आणि मगच त्याला परलोकाची जबाबदारी मिळाली.

नव्या राज्यकाळातील गुंडाळ्या मात्र कलाकृती म्हणून अद्वितीय आहेत. दांड्याच्या गराच्या पट्ट्या एकमेकींशेजारी मांडायच्या, त्यांवर आडवा दुसरा थर द्यायचा, दाबून वाळवायचे आणि अशी पत्रे कडेला कड चिकटवून गुंडाळी करायची, ही रीत सर्वपरिचित आहे. (इ.स.च्या पहिल्या शतकातील एका रोमन लेखकाने नाईलचे गढूळ पाणीच डिंकाचे काम करते असे लिहून ठेवले आणि ते पुढे कित्येकांनी जसेच्या तसे उतरवले. प्रत्यक्षात दाबलेला ओला गर स्वतःच घट्ट बसतो.) मजकूर काळ्या शाईत आणि शीर्षके व सूचना तांबड्या शाईत लिहीत. एरवी तांबडी शाई वापरण्याच्या ओळीतही देवाचे नाव आले की लेखनिक काळ्या शाईकडे वळताना दिसतो, कारण तांबडा रंग अरिष्टाचा. या गुंडाळ्या पुष्कळदा आधीच तयार करून ठेवलेल्या असत आणि गिऱ्हाइकाच्या नावासाठी जागा मोकळी सोडलेली असे. लेखनिक आनी याच्या सुप्रसिद्ध गुंडाळीतही काही भागांत नाव मागाहून, निराळ्या हाताने भरलेले आहे.

ही आनीची गुंडाळी इ.स.पू. १२५० च्या सुमाराची. लांबी जवळपास २४ मीटर, रुंदी ३८ सेंटिमीटर. लहानमोठ्या सहा पट्ट्या जोडून ती सिद्ध केलेली होती. आज ती ३७ तुकड्यांत आहे, आणि या विषयावरील एक जुना वाद याच तुकड्यांचा आहे.

१८८८ मध्ये लंडनच्या एका संग्रहालयासाठी खरेदी करत हिंडणाऱ्या अधिकाऱ्याने ती लक्सर येथील विक्रेत्यांकडून मिळवली. पुराणवस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेण्यास इजिप्तमध्ये १८३५ पासून बंदी होती. स्थानिक पुराणवस्तू खात्याला सुगावा लागला, घरांना मोहोर लावली गेली आणि पहारेकरी बसले. पुढची हकिकत त्या अधिकाऱ्याने स्वतःच आपल्या आठवणींत ऐटीने सांगितली आहे: पहारेकऱ्यांना पोटभर जेवण दिले गेले, तेवढ्यात शेजारच्या हॉटेलच्या बागेच्या बाजूने भिंतीखालून भुयार खणले गेले आणि माल रातोरात बाहेर काढण्यात आला. या प्रकाराला धाडस म्हणायचे की चोरी, हे सांगणारा कोणत्या देशाचा आहे यावर बराच काळ अवलंबून राहिले. तेव्हाच्या कायद्यानेही ती चोरीच होती.

गुंडाळी कापली गेली ती यानंतर. जवळजवळ सारख्या मापाचे सदतीस तुकडे करून ते फळ्यांवर चिकटवण्यात आले. कात्री कोठे लावायची हे मोजपट्टीने ठरवले. चित्र कोठे संपते किंवा मंत्र कोठे सुरू होतो, याचा विचार त्यात गौण होता. प्राचीन कारागिराने जिथे सहा पट्ट्यांचे सांधे घातले होते, त्यांच्याशीही या मापाचा संबंध नव्हता. लांब पट्टीवर मांडलेली जन्मपत्रिकेची गुंडाळी वितावितावर कापून तिची पाने काचेत लावावीत, तसा हा प्रकार झाला.

कापण्याच्या बाजूनेही बोलता येते. चोवीस मीटर लांबीची वस्तू एका कपाटात मांडता येत नाही. वाळलेला पपायरस प्रत्येक वेळी उलगडला की त्याचे धागे तुटतात आणि अभ्यासकांची मागणी तर रोजची असते. सपाट फळीवर, काचेखाली ठेवणे हीच त्या काळी जतनाची मान्य पद्धत होती. आनीची गुंडाळी हे काही एकमेव उदाहरणही नाही. इ.स.पू. दहाव्या शतकातील, एका प्रधान पुरोहिताच्या कन्येसाठी तयार केलेली आणि मूळची सुमारे ३७ मीटर लांब असलेली गुंडाळी पुढे ९६ तुकड्यांत विभागली गेली. तुकडे सपाट मांडल्यामुळेच १८९० मध्ये आनीच्या गुंडाळीची हुबेहूब रंगीत प्रत प्रसिद्ध होऊ शकली आणि युरोपभरच्या वाचकांना ती घरबसल्या पाहता आली, असेही सांगितले जाते.

आणखी एक युक्तिवाद अधिक मार्मिक आहे. ही गुंडाळी जिवंत माणसाने पाहावी म्हणून केलेलीच नव्हती. अशा गुंडाळ्या शवपेटीत, कधी ममीच्या पट्ट्यांत, तर कधी देवाच्या पोकळ लाकडी मूर्तीत घालून बंद केल्या जात. तेव्हा सलगपणे पाहण्याचा आनंद ही आजच्या प्रेक्षकाची अपेक्षा आहे, मूळ हेतूशी तिचा संबंध नाही. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. गुंडाळी पाहण्यासाठी नसली तरी वापरण्यासाठी होती, आणि वापरणारा मृत मनुष्य होता. त्याने कोणत्या क्रमाने काय म्हणायचे, कोणत्या दारावर कोणाचे नाव घ्यायचे, हे त्या सलग पट्टीवर डावीकडून उजवीकडे मांडलेले होते. वर आणि खाली तांबड्या-पिवळ्या रेघांची किनार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धावत होती. पाचव्या तुकड्यावर निघालेली अंत्ययात्रा थडग्यापाशी पोचते ती सहाव्या तुकड्यावर.

सर्वांत ठळक उदाहरण तिसऱ्या तुकड्याचे. डावीकडे आनी आणि त्याची पत्नी तुतू वाकून उभे आहेत. मध्ये तराजू, एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्याचे पीस. कोल्ह्याच्या डोक्याचा अनुबिस गुडघा टेकून काट्याचा लंबक न्याहाळतो आहे, लेखनाचा देव थॉथ बोरू सरसावून निकाल टिपतो आहे आणि त्याच्यामागे दोषी हृदय गिळणारी, मगरीच्या तोंडाची अम्मित वाट पाहत उभी आहे. वरच्या ओळीत देव बसले आहेत. येथे तुकडा संपतो. होरसने आनीचा हात धरून त्याला मृतांचा राजा ओसायरिस याच्यापुढे नेले, हा त्याच प्रसंगाचा शेवट चौथ्या तुकड्यावर आहे. खटला एका चौकटीत आणि निकालाची अंमलबजावणी दुसऱ्या चौकटीत.

जवळपास असाच घाव कागदावरही घातला गेला होता, तो आधी, १८४२ मध्ये. एका जर्मन अभ्यासकाने तुरीन येथील एक टॉलेमीकालीन (इ.स.पू. शेवटच्या तीन शतकांतील) गुंडाळी प्रमाण मानून तिच्यातील मंत्रांना १ ते १६५ असे क्रमांक दिले आणि संपूर्ण संग्रहाला 'मृतांचे पुस्तक' हे नाव रूढ केले. क्रमांक सोयीचे होते, म्हणून ते टिकले. नंतर सापडलेले मंत्र पुढच्या आकड्यांवर चढत गेले. पण तुरीनची गुंडाळी आनीपेक्षा सुमारे हजार वर्षांनी अलीकडची आहे. मंत्रांचा ठरावीक क्रम इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकांत स्थिरावला. त्यापूर्वी प्रत्येक गुंडाळीत मंत्रांची निवड आणि मांडणी वेगळी असे. आनीच्या गुंडाळीत आरंभी सूर्य आणि ओसायरिस यांची स्तोत्रे येतात, लगेच हृदय तोलण्याचा प्रसंग येतो आणि पहिल्या क्रमांकाचा मंत्र त्यानंतर. बेचाळीस देवांपुढे निर्दोषत्व सांगण्याचा १२५ वा मंत्र तर तिशीच्या पुढच्या तुकड्यांवर आहे. उत्तरकालीन क्रमाच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटतो, आणि जुन्या पुस्तकांत लेखनिकांच्या निष्काळजीपणाला बोल लावलेला आढळतो. त्यांच्यापुढे तो क्रम नव्हताच. एकच ग्रंथ होता आणि त्याच्या कमीअधिक शुद्ध प्रती होत्या, ही समजूत छापील पुस्तकांना सरावलेल्या लोकांची आहे.

कापणे आणि क्रमांक देणे या दोन निर्णयांचे परिमार्जन अलीकडच्या दशकांत काही अंशी झाले. १९९० च्या दशकात १८९० च्या रंगीत प्रतीतील पाने जोडून आनीच्या गुंडाळीची सलग पट्टीच्या रूपातील आवृत्ती निघाली आणि चित्रे व मजकूर पुन्हा एकमेकांशेजारी आले. सक्कारा येथे २०२२ मध्ये सुमारे १६ मीटर लांबीची गुंडाळी सापडली. तिच्यावरील काम इजिप्तच्याच तज्ज्ञांनी केले आणि पुढच्या वर्षी ती कैरोत प्रदर्शनास मांडली गेली. १९८३ च्या कायद्याने पुराणवस्तूंचा व्यापार पूर्णपणे बंद केलेला असल्यामुळे आता भुयार खणूनही काही उपयोग नाही, निदान राजरोस संग्रहालयांना तरी.

वनस्पतीचे पुढे काय झाले, हेही येथे नोंदवले पाहिजे. दहाव्या-अकराव्या शतकांत कागदाने पपायरसला हटवले, मागणी आटली आणि ज्या देशाची ती खूण होती तेथून पपायरसची रानेही जवळपास नाहीशी झाली. १९६० च्या दशकात एका माजी राजनैतिक अधिकाऱ्याने सुदानमधून रोपे आणून कैरोत लागवड केली आणि पत्र बनवण्याची रीत प्रयोगांनी पुन्हा बसवली. १९७० च्या दशकापासून शर्किया प्रांतातील करामुस गावात पपायरसची शेती आणि त्यावर चित्रे काढण्याचा धंदा उभा राहिला. पर्यटकांच्या बाजारात याच पत्रांबरोबर केळीच्या सोपटांपासून केलेली नक्कलही विकली जाते; ती घडी घातली की तडकते.

या बाजारात हृदय तोलण्याचे चित्र दोन प्रकारांत मिळते. एक हुनेफर नावाच्या दुसऱ्या लेखनिकाच्या गुंडाळीवरून घेतलेले. तीही कापलेलीच आहे, पण तेथे काप सुदैवाने दुसरीकडे पडल्याने तराजूपासून ओसायरिसच्या सिंहासनापर्यंतचा प्रसंग एका चौकटीत आहे आणि त्यात हुनेफर आत येतानाही दिसतो व होरसबरोबर पुढे जातानाही. दुसरे चित्र आनीच्या तिसऱ्या तुकड्याची नक्कल असते. तिची उजवी कड अम्मितच्या पाठीशी संपते, कारण कारागीर ज्या छापील चित्रावरून काम करतो तेथेच संपते. त्यामुळे घरी नेलेल्या त्या चित्रात आनीची सुटका झाल्याचे कोठेच दिसत नाही.