‘टेस्ट कनेक्शन’ बटणामागचं भोक

जेनकिन्स हे प्रोग्रामरांच्या कामाचं सॉफ्टवेअर. त्याच्या अमुक प्लगिनमध्ये (वरून जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये) परवानगीची तपासणीच नाही, अशी सूचना जेनकिन्सच्या सुरक्षापत्रकांत वरचेवर येते. बातमी झाली की वाटतं, कुणीतरी महाबिलंदर हॅकरनं एन्क्रिप्शन फोडलं. तसलं काही नसतं. एक ओळ लिहायची राहिलेली असते.

जेनकिन्स हा 2011 साली हडसन या प्रकल्पातून वेगळा झालेला सर्व्हर. प्रोग्रामरनं कोड बदलला की बिल्ड करणं (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं), चाचण्या चालवणं, पुढे पाठवणं ही हमाली त्याची. त्यासाठी लागणारे गिटचे (कोड साठवण्याच्या व्यवस्थेचे), क्लाउडचे पासवर्ड आणि टोकन (पासवर्डसारख्या किल्ल्या) त्याच्याच पोटात असतात. बाकी कामांना प्लगिनं, हजारावर.

आता खरी गंमत. जेनकिन्सच्या खाली स्टेपलर नावाचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, आहे. त्यात जावा मेथडचं, म्हणजे कोडच्या एका तुकड्याचं, नाव ‘डू’नं (do) सुरू झालं की ती आपोआप एका वेबपत्त्याला जोडली जाते. प्लगिनवाला ‘डूटेस्टकनेक्शन’ लिहितो आणि सेटिंगच्या पानावर दुसऱ्या सर्व्हरशी जोडणी होते का ते तपासणारं बटण ठेवतो. पान फक्त अ‍ॅडमिनला दिसतं, म्हणून तो निर्धास्त. पण पान दिसलं नाही तरी पत्ता चालूच असतो! ‘ओव्हरऑल रीड’ एवढीच परवानगी असलेला, म्हणजे नुसतं बघण्यापुरता आत घेतलेला माणूस, तो पत्ता थेट मागवू शकतो. सर्व्हरच्या जागी तो स्वतःच्या मशिनची यूआरएल देतो आणि सोबत एखाद्या साठवलेल्या पासवर्डचा आयडी. डिस्कवर पासवर्ड एन्क्रिप्ट केलेला असतो खरा, पण जेनकिन्स स्वतःच तो उलगडतो आणि कनेक्शन तपासायला म्हणून चोराच्या मशिनकडे इमानेइतबारे पाठवून देतो. आयडी कुठून मिळतो? बऱ्याचदा ड्रॉपडाउन भरणाऱ्या दुसऱ्या मेथडकडून. तिथेही तपासणी विसरलेली!

‘शंभर टक्के सुरक्षा’ विकणाऱ्यांचे ओटीपी न् फायरवॉल इथे काय करणार? माणूस रीतसर लॉगिन करूनच आलाय. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओडब्ल्यूएएसपी या संस्थेच्या 2021च्या धोक्यांच्या यादीत परवानग्यांमधली ढिलाई पहिल्या क्रमांकावर आहे, ती उगाच नव्हे.

उपाय म्हणजे मेथडच्या सुरुवातीलाच ‘चेकपर्मिशन’, म्हणजे परवानगी तपासणारी ती एक ओळ. पण तेवढ्यानं भागत नाही. मेथड साध्या गेट विनंतीलाही (लिंक उघडली की जाते ती) उत्तर देत असेल, तर चोर अ‍ॅडमिनलाच एखाद्या लिंकवर क्लिक करायला लावतो. विनंती अ‍ॅडमिनच्या कुकीसह (ब्राउझरमधल्या लॉगिनच्या खुणेसह) जाते आणि तपासणीत बिनदिक्कत पास होते. म्हणून पोस्टची, म्हणजे फॉर्म भरून पाठवतात तशा विनंतीची, सक्ती करायची. पोस्टसोबत जेनकिन्स ‘क्रम्ब’ नावाचं टोकन मागतो, आणि ते परक्या साइटच्या हाती लागत नाही. पत्रकात तपासणी नसणं आणि पोस्टची सक्ती नसणं या दोन चुका बहुतेकदा जोडीनंच छापून येतात.