कामावर दुखापत: ईएसआयमधून फिजिओथेरपी आणि भरपाई कशी मिळवावी

पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वर्गणी कापली जात असेल (पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये, दिव्यांगांना २५,०००), तर कामावरच्या दुखापतीवरचे उपचार, फिजिओथेरपी, कृत्रिम अवयव मोफत मिळतात. वर्गणी किती महिने भरली हे इथे बघत नाहीत, कामाच्या पहिल्या दिवशीचा अपघातही चालतो. घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, धरला जातो.

अपघात झाल्याबरोबर सुपरवायझरला सांगा आणि अपघात नोंदवहीत नोंद करायला लावा. मालकाने फॉर्म १२ मध्ये अपघाताचा अहवाल ईएसआयच्या शाखा कार्यालयाला आणि डॉक्टरला पाठवायचा असतो. हा कागद गेला नाही की तुमची रजा साध्या आजारपणात जमा होते: रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के, तेही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावरची दुखापत म्हणून नोंद झाली तर ९० टक्के, आणि डॉक्टर कामाला अयोग्य ठरवतील तोवर. अट एकच, अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम करता आलेलं नसावं. हाताचं हाड जुळल्यावरही बोटं वळायला महिने लागतात, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. ‘घरी पडलो’ असं केसपेपरवर लिहून द्यायचा आग्रह कुणी केला तरी ऐकू नका. पहिल्या केसपेपरवरचं वाक्य नंतर खोडून काढणं फार अवघड जातं.

सोबत ठेवा: ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र), आधार, बँक पासबुक, फॉर्म १२ ची प्रत, पहिला केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, रजेची सर्टिफिकेटं, रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांचे कागद.

फिजिओथेरपीचा व्यायाम ईएसआयच्या डॉक्टरने लिहून दिलेला हवा. रुग्णालयात सोय नसेल तर बाहेर जाण्याआधी रेफरची चिठ्ठी घ्या. चिठ्ठीशिवाय केलेल्या खासगी खर्चाची बिलं हमखास अडकतात. जिमची फी यात बसत नाही. सेशन चुकवू नका, कारण उपचार घेत राहणं आणि डॉक्टरचं ऐकणं ही भरपाईची अटच आहे. रजेच्या दोन सर्टिफिकेटांमध्ये खंड पडला तर मधल्या दिवसांचे पैसे अडतात. भरपाई चालू असताना ‘हलकं काम’ म्हणून हजेरी लावली तर त्या दिवसाची भरपाई बुडते.

सांधा कायमचा आखडला तर कमाईची क्षमता किती टक्के गेली हे मेडिकल बोर्ड ठरवतं. तिथे फिजिओथेरपिस्टने अंशांत मोजलेली सांध्याची हालचाल कामी येते, म्हणून ती सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीदा लिहून घ्या. निर्णय पटला नाही तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा कर्मचारी विमा न्यायालय आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आणि वय ४५ च्या आत असेल तर नव्या कामाच्या प्रशिक्षणासाठी भत्ताही मिळतो. कायमच्या अपंगत्वामुळे नोकरी सुटली तरी वर्षाला १२० रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत औषधोपचार चालू राहतात.

ईएसआय लागू नसेल तर उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो. बिलं आणि डॉक्टरच्या चिठ्ठ्या जपा. भरपाईचा दावा अपघातापासून २ वर्षांच्या आत करावा लागतो.