समुद्राच्या तळाशी आगगाडीची चाकं

हिंदी महासागराच्या तळाशी काही ठिकाणी आगगाडीची जुनी चाकं पडलेली आहेत. शास्त्रज्ञांनीच ती नांगर म्हणून सोडली. भंगारातलं वजनदार लोखंड, दुसरं काय हवं? त्या चाकांना काही किलोमीटर लांब दोर आणि दोराच्या वरच्या टोकाला बोया. बोयावर वारा, पाऊस, आर्द्रता मोजणारी उपकरणं. पाण्याखाली ५०० मीटरपर्यंत तापमान आणि खारेपणा टिपणारे संवेदक. नोंदी उपग्रहामार्फत किनाऱ्यावर जातात.

या बोयांच्या जाळ्याचं नाव ‘रामा’. त्यात भारत, अमेरिका, जपान, इंडोनेशिया असे बरेच देश भागीदार आहेत. आपली वाटणी साधारण अशी, की यंत्रं अमेरिकेची आणि ती समुद्रात नेऊन सोडणारं जहाज भारताचं. या धंद्यात खरी चणचण असते ती जहाजाच्या दिवसांची.

बोयाच्या सावलीला मासळी जमते. मग मच्छीमार येतात, होडी बोयालाच बांधतात, जाळं टाकतात. कधी उपकरण मोडतं, कधी दोरच तुटतो. वादळाचा अंदाज ज्या नोंदींवर बेततो, त्या अशा थांबतात. पण भर समुद्रात आयती मासळी समोर दिसत असताना कोण सोडेल?

याहून मोठं भोक पाडलं ते सोमालियाच्या चाच्यांनी. २००८च्या आसपास त्यांचा उपद्रव इतका वाढला, की पश्चिम हिंदी महासागरात बोये टाकायला संशोधन-जहाजं जाईनात. मालवाहू जहाजंही वाट वाकडी करून जाऊ लागली आणि त्यांच्याकडून मिळणाऱ्या वाऱ्याच्या नोंदी आटल्या. नेमकी हीच आपल्या पावसाची वाट. मोसमी वारे विषुववृत्त ओलांडतात ते आफ्रिकेच्या या किनाऱ्याला घसटून, आणि तिथून अरबी समुद्रावरून कोकणात येतात. अखेर २०११ साली तिथे आर्गो फ्लोट, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत समुद्राच्या नोंदी घेणारी यंत्रं, सोडायला ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या नौदलांची मदत घ्यावी लागली. १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी १ अंशाने वाढलं. त्या समुद्रावर नोंदींविना आंधळेपणाने बसणं परवडणारं नव्हतं.

एकट्या देशाचं हे काम नाही, हे जुनंच शहाणपण. १९५९ ते १९६५ या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत ४०हून अधिक जहाजं उतरली होती. आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्या मोहिमेचंच अपत्य. १ जानेवारी १९६६चा जन्म, मुख्यालय गोव्यात दोनापावलाला. पन्नास वर्षांनी, डिसेंबर २०१५मध्ये, दुसऱ्या मोहिमेचं ‘सागर निधी’ जहाज गोव्यातूनच मॉरिशसकडे निघालं.

आर्गो फ्लोटला ना वल्हं, ना सुकाणू. १,००० मीटर खोलीवर प्रवाह नेईल तिकडे ते जातं. साधारण दर दहा दिवसांनी आधी २,००० मीटरपर्यंत बुडी मारतं, मग मोजत मोजत वर येतं. वर येईल तेव्हा ते कुणाच्या हद्दीत असेल, याचा भरवसा नाही. म्हणून नियम असा, की ज्या देशाने तशी इच्छा कळवली असेल, त्याच्या २०० सागरी मैलांच्या क्षेत्रात फ्लोट शिरण्याची चिन्हं दिसली की त्याला आधी निरोप धाडायचा. म्हणजे फ्लोट वाहत असतं समुद्रात, आणि त्याच्या पुढे पुढे पत्रं धावत असतात एका देशाच्या कार्यालयातून दुसऱ्याच्या कार्यालयात.